बादशहा नदाफांची हजेरी

बादशहा नदाफ जिवंत आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण रत्नागिरीपासून बेळगावपर्यंत पुष्कळ माणसांना काही वर्षं याच्या उलट माहीत होतं. ते गेले म्हणून त्या माणसांनी हळहळ व्यक्त केली, ती त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं बोलली, आणि इकडे सांगलीत आमचे बादशहाचाचा उकिडवे बसून गादीला टाके घालत होते. माझं फॉल-पिकोचं दुकान त्यांच्या गादी कारखान्याला लागून आहे. मध्ये एका विटेची भिंत. त्यांच्या पिंजायच्या मशीनचा कापूस उडून माझ्या दुकानात येतो, गिऱ्हाइकाच्या काळ्या साडीवर बसतो आणि मग मी त्यांच्याशी भांडते. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून भांडतेय. मेलेल्या माणसाशी इतकी वर्षं कोण भांडेल?

चाचांना दोन गोष्टी येतात. एक कापूस, तो पोटासाठी. दुसरा रेडिओ, आणि तो नुसता ऐकायचा नव्हे, बोलायचा. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, छतावर तार बांधायची आणि आपल्या खोलीतून बोलायचं. पलीकडे तसाच कुणी परवानावाला असतो, तो मिरजेत असेल नाहीतर जपानात. सरकार प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांचं एक संकेतनाव देतं आणि तसं दुसरं जगात कुणाचं नसतं. चाचांचं मला पाठ आहे. पण मी ते इथं लिहिणार नाही. त्याचे जे हाल व्हायचे ते झाले तेवढे पुरेत.

हे वेड त्यांना लागलं तार ऑफिसातल्या एका बाबूच्या घरी. गादी करायला गेले होते. बाबू संध्याकाळी घरीही कट्ट-कडकट्ट वाजवत बसायचा, आणि चाचांनी विचारलं, हे काय बोलतंय? काम एका दिवसाचं होतं. चाचांनी मुद्दाम आठवडाभर लावलं आणि निघताना अर्धी बाराखडी शिकून आले. पुढं परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. परवाना आला तेव्हा हाजराचाचीनं गल्लीत शिरकुर्मा वाटला म्हणतात. तेव्हा मी इथं नव्हते. मी तेव्हा वडूजला शाळेत जात होते.

वडूज हे माझं माहेर. आणि या गोष्टीतला दुसरा माणूसही वडूजचाच, हे सांगताना माझी मान खाली जाते. जयराज त्याचं नाव. कोंडीबा धनगराचा मुलगा. बाप मेंढरं घेऊन कोकणपट्टीपर्यंत जायचा, मुलगा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस लागला आणि तोही या रेडिओच्या नादाला लागला. चाचा आणि जयराज दोन-तीन वर्षं रोज सकाळी एकमेकांशी बोलत होते आणि एकमेकांचं तोंड बघितलेलं नव्हतं. मी नवी नवरी म्हणून या गल्लीत आले, तर चाचांनी मला पहिलं काय विचारलं? "वडूजची व्हय तू? मग जयराजला वळखती का? दिसायला कसा हाय?"

मी म्हटलं, "काळा हाय, उंच हाय, आन लय बोलतो."

"ते आमाला ठावं हाय," चाचा हसून म्हणाले.

तेव्हापासून मी माहेरी निघाले की चाचा माझ्या पिशवीत काहीतरी कोंबायचे. तांब्याची तार, कसले कसले सुटे भाग, हाजराचाचीच्या हातची खारी शंकरपाळी. परत येताना जयराजदादा कधी हुलगे द्यायचा, कधी ज्वारीचं पीठ. एकदा त्याच्या बापानं विणून घेतलेलं घोंगडं दिलं. त्याच्या लग्नाला चाचांनी स्वतः पिंजून, स्वतः टाके घालून दोन माणसांची गादी नेली. एसटीच्या टपावर बांधून. मांडवात सगळ्यांना जयराज सांगत होता, "माझा सख्खा भाऊ आलाय सांगलीसनं."

मग हाजराचाचीला अर्धांगवायू झाला. एक बाजू पूर्ण गेली. खालच्या मजल्यावर एकच खोली होती आणि त्यात रेडिओ होता. चाचांनी रेडिओ हलवला आणि तिथं तिची खाट टाकली. वरच्या मजल्यावर मांडून बघितला, पण त्या रेडिओतून जी शीळ येते ती ऐकली की चाची घाबरून ओरडायची. एक दिवस चाचा स्वतः छतावर चढले आणि तार सोडली. सून आसिया म्हणाली, एवढी चांगली तार, मी कपडे वाळत घालते. चाचा म्हणाले घाल.

रेडिओ न्यायला जयराज स्वतः आला. चाचा म्हणाले, "पडून ऱ्हायला तर खराब हुईल. तू वापर. मी परत बसंन तवा आणून दे."

जयराजनं रेडिओवर हात ठेवला. "बादशाभाई, ही अमानत हाय. तुमी मागशिला तवा दारात आणून ठिवतो."

अमानत हा शब्द त्यानं वापरला. चाचांच्या बोलीतला. मी दारात उभी होते, मी ऐकला. योगायोगानं मी त्याच गाडीनं माहेरी निघाले होते. सांगली ते वडूज सबंध रस्ता त्यानं ते धूड मांडीवर घेतलं होतं, कंडक्टरला वर ठेवू दिलं नाही. मला तेव्हा वाटलं, मैत्री असावी तर अशी. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चाचांनी बायकोचं सगळं केलं. अंघोळ, कपडे, भरवणं. सुनेला हात लावू दिला नाही. फोमच्या गाद्या आल्या, धंदा निम्मा झाला, तरी माणूस खालच्या खोलीतून हलला नाही. त्या दहा-एक वर्षांत मी त्यांना रेडिओचं नाव काढताना एकदाच ऐकलं. मोठ्या पुरात आम्ही सगळे त्यांच्या वरच्या मजल्यावर अडकलो होतो, लाइट नाही, मोबाइल बंद, खाली कारखान्यातला कापूस पाण्यात. चाचा खिडकीतून बघत म्हणाले, "आत्ता सेट आसता तर."

जयराजचे फोन सुरुवातीला आठवड्याला यायचे. मग सणाला. मग चाचाच करायचे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हाजराचाची गेली. मयतीला मोजून चार माणसं. त्या संध्याकाळी नातेवाईक सोडून चाचांनी बाहेर एकच फोन लावला. मी तोंडाला फडकं बांधून उंबऱ्याबाहेर उभी होते.

"जयराज, तुजी भाभी गेली रं."

पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. मी टोमणा मारला की चाचा त्याची बाजू घ्यायचे. नोकरी आहे, घर आहे, आई म्हातारी आहे. मी म्हणायचे, आमच्या वडूजला आई म्हातारी झाली म्हणून कुणाची जीभ झडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर चाचांना परत रेडिओची ओढ लागली. घर रिकामं झालं होतं. मुलगा शोएब टेम्पो घेऊन बाहेर, सून तिच्या कामात. चाचा सांगायचे, परवाना आयुष्यभराचा आहे, संकेतनाव माझंच आहे, फक्त जाऊन बसायचं. त्यांनी जयराजला फोन लावला. वाजला, उचलला नाही. असं बरेच दिवस. शेवटी मी माझ्या फोनवरून लावला, तर पहिल्या रिंगला उचलला.

"जयराजदादा, मी राणी, सांगलीतनं. चाचांना सेट पायजे त्यांचा. एअरवर यायचंय म्हणत्यात."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हॅलो? हॅलो? रेंज न्हाई इथं," आणि ठेवला. जपानशी बोलणाऱ्या माणसाला वडूजातून सांगलीची रेंज मिळेना! मी चाचांना म्हटलं, दादा आपल्याला टाळतोय. चाचा म्हणाले, "तुजं मन लय वाईट हाय बग. सेट बिघडला आसंल, लाज वाटत आसंल सांगायला."

शोएबनं मिरजेच्या एका माणसाकडून जुना सेट आणला. छतावरची तार परत ताणली. आसिया कपड्यांवरून कुरकुरली, पण शोएबनं तिला नवी दोरी बांधून दिली. पहिल्या सकाळी चाचा अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून बसले होते. मला वर बोलावलं. "ये, ये. तुज्या माहेरची मानसं ऐकू येत्यात."

ही मंडळी रोज सकाळी एका ठरलेल्या जागी जमतात. जागा म्हणजे रेडिओवरची. साताऱ्याचे राजवर्धन सर हजेरी घेतात. ते एकेकाला पुकारतात, तो आपलं संकेतनाव सांगतो, दोन शब्द बोलतो, मग पुढचा. एकजण बोलत असला की बाकीच्यांनी गप्प राहायचं, मध्ये बोललं तरी कुणाला नीट ऐकू जात नाही. चाचा मला हळूच सांगत होते, हा कऱ्हाडचा, हा रत्नागिरीचा. जुने आवाज ओळखू आले की मांडीवर थाप मारत होते. मग एक आवाज आला आणि मीही ओळखला. जयराजदादा. थंडी बरी आहे, ज्वारी हुरड्यात आली आहे, असं काहीबाही बोलला. चाचांचे डोळे भरून आले. "बगितलंस का, चांगला हाय की!"

शेवटी राजवर्धन सरांनी विचारलं, आणखी कुणी आहे का? चाचांनी बटण दाबलं, घसा साफ केला आणि आपलं संकेतनाव सांगितलं. एक एक अक्षर, लग्नात आहेराचं नाव पुकारतात तसं.

उत्तर आलं नाही. चाचांनी पुन्हा सांगितलं.

मग राजवर्धन सरांचा आवाज आला, पण मघाचा नव्हे. "कोण आहे हे? हे संकेतनाव आमच्या दिवंगत मित्राचं आहे. सांगलीच्या बादशहाभाईंचं. गेलेल्या माणसाच्या नावानं असले चाळे करताना लाज वाटायला पाहिजे."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं. वाटलं, आता चाचा त्यांची फिरकी घेणार.

"सर, मी बादशहाच बोलतोय," चाचा म्हणाले.

"कुणीही या स्टेशनला उत्तर देऊ नका," सर म्हणाले. दुसरा कुणीतरी म्हणाला, "टारगट असेल कोणी, सर. सोडून द्या."

ही थट्टा नव्हे हे कळलं आणि माझं हसू पळालं. ते मात्र अजून हसतच होते. मला हात करून थांब म्हणाले. "जयराज हाय की तितं. आत्ताच हजेरी दिली त्यानं. त्यानं माजा आवाज ऐकलाय. तो सांगतोय बग आता."

आम्ही वाट बघितली. रेडिओत नुसती खरखर होती. कऱ्हाडचा माणूस हवापाण्याचं बोलला, रत्नागिरीचा बोलला, सरांनी समारोप केला. जयराज बोलला नाही. चाचांनी बटणावरचा हात काढला नव्हता. मला म्हणाले, "त्याला बी वळखू आला न्हाई का गं माजा आवाज?"

न ओळखायला काय झालं होतं! पण मी ते बोलले नाही. मी खाली आले आणि त्या दिवशी तीन साड्यांचे फॉल वाकडे लावले.

शोएबनं मिरजेच्या माणसाकडून राजवर्धन सरांचा नंबर मिळवला आणि व्हिडिओ कॉल लावला. सरांनी चाचांचा चेहरा बघितला. मग ते ढसाढसा रडले. दुसऱ्या लाटेच्या वेळची गोष्ट, ते म्हणाले. जयराजनंच एका सकाळी हजेरीत सांगितलं, बादशहाभाई गेले. रडल्यामुळं त्याला पुढं बोलता येत नव्हतं. तेव्हा रोज कुणी ना कुणी जात होतं, कुणी कुणाच्या घरी जाऊन खात्री करत नव्हतं. या मंडळींमध्ये माणूस गेला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे त्याची कळ आता वाजणार नाही. सगळ्यांनी एअरवर एक मिनिट शांतता पाळली. त्यानंतर ते संकेतनाव कुणी उच्चारलं नाही. आणि वडूजच्या कॉलेजात चाचांच्या नावानं एक खोली केली. चाचांची शेवटची इच्छा म्हणून जयराजनं दान दिलेला त्यांचाच सेट तिथं ठेवला आहे. उद्घाटन खुद्द राजवर्धन सरांनी केलं.

"उद्या हजेरीत मी सगळं सांगतो," सर म्हणाले. संतापानं त्यांचा आवाज चढला होता.

"न्हाई सर," चाचा म्हणाले. "आदी मी त्याला भेटतो. त्याची बाजू बी आसंल कायतरी."

मी त्यांच्याबरोबर गेले. जाणारच होते. त्यांनी नको म्हटलं असतं तरी गेले असते, माझ्या माहेरच्या माणसानं हे केलं होतं. आम्ही दोघं अर्ध्या तिकिटाची माणसं, एक म्हातारा आणि एक बाई, विट्यावरून मायणीवरून वडूजला उतरलो. वाटेत चाचा जयराजसाठी कारणं शोधत होते. त्याचं काहीतरी अडलं असेल. त्याच्यावर कुणी दबाव टाकला असेल. मायणीपर्यंत त्यांनी त्याला जवळजवळ निर्दोष सोडून दिलं होतं.

कॉलेजच्या मागच्या बाजूला ती खोली होती. दारावर पाटी, 'कै. बादशहा नदाफ स्मृती रेडिओ कक्ष'. आत टेबलावर चाचांचा सेट, फडक्यानं पुसून लख्ख ठेवलेला. वर भिंतीला चाचांचा फोटो. जयराजच्या लग्नातलाच, बाजूची माणसं कापून मोठा केलेला. त्याला चंदनाचा हार.

चाचा फोटोपुढं उभे राहिले. मग म्हणाले, "हार घातलाय गं. आमच्यात मेल्यावर बी घालत न्हाईत."

जयराज आत आला तो हातात चहाचे कप घेऊन. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, सांगलीची माणसं आली आहेत. चाचांना बघून त्यानं कप टेबलावर ठेवले. पाया पडायला वाकला. चाचांनी पाय मागं घेतले.

"भाभी गेली म्हून मी तुला फोन केलता," चाचा म्हणाले. "त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला मारलंस. का रं?"

जयराज टेबलावरचे कप नीट मांडत राहिला. मग एकदम सुटला. प्राचार्य रेडिओची खोली करायला तयार होते. नुसत्या मदतनिसाला कोण विचारतं, पण सेट असेल तर ती खोली जयराजच्या ताब्यात येणार होती. लोक त्याला सर म्हणणार होते. सेट तर दुसऱ्याचा. उसना आणलेला सेट कॉलेज ठेवून घेईना, उद्या मालक आला तर काय करायचं म्हणे.

"मला म्हनायचं हुतंस की. दिला आसता," चाचा म्हणाले.

"तुमी बोलत हुता का कुनाशी? धा वरसं एअरवर न्हाई तुमी. बादशाभाई, आवं, समद्यांनी तुमाला सोडलंच हुतं. कोन इचारत बी नव्हतं. तुमी परत येशिला आसं मला वाटलंच न्हाई. एअरवर न्हाई त्यो मानूस आमाला मेल्यागतच की." हे बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो, आणि तो रडायला लागला. "म्हनलं भाभीच्या मागं तुमी बी काय ऱ्हात न्हाई."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बायकोला भरवत बसलेल्या माणसाची दहा वर्षं यानं मरणात जमा केली होती. आणि वर पुन्हा पाटीवर 'कैलासवासी'. मी तोंड उघडलं, पण चाचांनी मला थांबवलं.

"परवा मी बोललो ते ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"माजा आवाज वळखला?"

जयराजनं मान हलवली. ओळखला होता.

चाचा टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले. आपल्याच सेटच्या बटणावरून एकदा बोट फिरवलं आणि हात काढून घेतला. "सेट ऱ्हाऊ दे हितं. पोरं शिकत आसतील तर शिकू देत. पाटी काढ. फोटो काढ. मला तुज्याकडनं एकच पायजे. उद्या सकाळी हजेरीत तू सांगायचं. राजवर्धन सरांनी न्हाई, मी न्हाई, तू. बादशा जिता हुता, मला ठावं हुतं, मी खोटं बोललो. एवडंच. मग आपलं मिटलं."

"मला सर म्हनत्यात सगळी तितं," जयराज म्हणाला.

"मला कैलासवासी म्हनत्यात," चाचा म्हणाले.

शेवटी जयराजनं चाचांचे दोन्ही हात धरले. बिरोबाची आण घेतली. उद्या सांगतो म्हणाला, शब्दाला जागंन म्हणाला. चहा तसाच गार झाला होता, तो चाचांनी पिऊन टाकला. परतीच्या गाडीत त्यांना झोप लागली. बऱ्याच दिवसांनी ते असे निवांत झोपले असतील. मला झोप आली नाही, कारण मी त्या गावात वाढले आहे.

दुसऱ्या सकाळी मी दुकान उघडायच्या आधी वर गेले. शोएब होता, आसियाही पदर सावरत दारात उभी होती. चाचांनी राजवर्धन सरांना आधी कळवून ठेवलं होतं, त्यामुळं सर नेहमीची हजेरी बाजूला ठेवून म्हणाले, "आज एक आनंदाची बातमी आहे. ती जयराज सांगतील. जयराज, बोला."

जयराज बोलला. आवाज स्वच्छ येत होता, जसा तो बाजूच्या खोलीत बसला आहे.

"मित्रांनो, आज मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. आपले बादशहाभाई हयात आहेत. त्या काळात सांगलीहून, त्यांच्या घरूनच, मला फोन आला होता. त्यांचे चिरंजीव शोएब बोलत होते. ते फार गोंधळलेले होते. त्यांनी मला जे सांगितलं तेच मी मोठ्या दुःखानं आपल्याला सांगितलं. आता कळलं की ती चूक होती. माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर..."

शोएब झटकन उठला. "अब्बा, मी कवा फोन केला ह्याला? अब्बा!" चाचांनी त्याला हातानं खाली बसवलं. जयराज बटण दाबून बोलतच होता आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणाला काही करता येत नव्हतं. तो चाचांच्या मैत्रीबद्दल बोलला. घोंगड्याबद्दल बोलला, गादीबद्दल बोलला. कऱ्हाड, रत्नागिरी, बेळगाव, सगळीकडे माणसं ऐकत होती, आणि बापाच्या मरणाची खोटी खबर देणारा म्हणून माझ्या शेजारी बसलेल्या शोएबचं नाव तिथं लागत होतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटी माणसं बघितलीत. पण आण घेऊन, रडून, आणि समोरच्याला मध्ये तोंड उघडता येत नाही हे माहीत असून इतकं सराईत बोलणारा हा पहिलाच.

"बादशहाभाई," राजवर्धन सर म्हणाले. त्यांना खरं माहीत होतं, त्यांचा आवाज कसातरीच येत होता. "आता आपण बोला. आपल्याला जे सांगायचं ते सगळं सांगा. आम्ही ऐकतोय."

चाचांनी बटण दाबलं. मला वाटलं, आता ते फाडतील. मी मनातल्या मनात वाक्यं तयार करून ठेवली होती, वडूजपासून निघाल्यापासूनची. चाचा म्हणाले, "मी बादशहा नदाफ, सांगली. माझ्या शोएबनं कुणालाही फोन केला नव्हता. फोन मीच केला होता, माझी बायको गेली म्हणून. बाकीचं ज्यानं सांगायचं त्यानं सांगावं. मी रोज इथं असेन." आणि बटण सोडलं.

त्यानंतर मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतलं. एकेकानं स्वागत केलं, तिघाचौघांनी माफी मागितली. ज्यानं त्यांना टारगट म्हटलं होतं तो तर सांगलीला भेटायला येऊन गेला, दोन उशा घेऊन गेला. आपली माणसं त्यांना परत मिळाली असं म्हणायला हरकत नाही. राजवर्धन सरांनी अजून दोनदा विचारलं, मी जाहीर करू का? चाचांनी दोन्ही वेळा नको म्हटलं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमच्या भलेपणाचं लोणचं घाला. तो तुमच्या मुलाच्या नावावर खापर फोडून मोकळा झाला आणि तुम्ही त्याला झाकताय. ते दाभणात दोरा ओवत होते. म्हणाले, "दुसऱ्यानं सांगितलं तर ते त्याच्या त्वांडातनं आलं आसं हुतंय का?"

जयराज रोज हजेरी देतो. त्याची पाळी आली की तो सगळ्यांना नमस्कार करतो, आणि शेवटी चाचांचं संकेतनाव घेऊन विचारतो, "बादशहाभाई, आवाज येतोय का माझा?" चाचा सगळ्यांना उत्तर देतात, त्याला देत नाहीत. पण ऐकतात. त्याची पाळी येईपर्यंत कारखान्याचं शटर बंद असतं, गिऱ्हाईक आलं तरी खाली थांबतं. त्याचा शेवटचा शब्द संपला की चाचा सेट बंद करून जिना उतरतात. मी दारात झाडत असते. आता मी विचारत नाही, तरी ते माझ्यापाशी थांबतात आणि सांगतात.

"आज बी खरं न्हाई बोलला."